काशीच्या राजाचा आड, ऑक्सफर्डशरच्या उन्हात

शुक्रवार

मुक्ताचं घर रेडिंगला आहे. विटांचं, दुहेरी काचेच्या खिडक्यांचं, आणि छताला पंख्याचा हूकसुद्धा नसलेलं. थंडी आत येऊ नये म्हणून बांधलेल्या या घरांत उन्हाची लाट एकदा शिरली की बाहेर पडायचं नाव घेत नाही. तेहतीस अंश म्हणजे आम्हा नाशिककरांची मार्चमधली दुपार. पण तेहतीस अंशांत झोपायला घराची वाऱ्याशी मैत्री लागते, ती इथे नाही. दादा रात्रभर कुशी बदलत होता. वहिनीने ओला पंचा पडद्यासारखा खिडकीला टांगला आणि घोरायला लागली.

इंग्लंडमध्ये १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश नोंदले गेले, तेव्हापासून लोक उन्हाळ्याचा विषय काढतात तो जरा दबक्या आवाजात. गाड्यासुद्धा सावकाश चालवतात. इथले रूळ बसवताना २७ अंशांचं तापमान प्रमाण धरतात, त्याच्या फार वर पारा गेला की रूळ वाकायची भीती. दादा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. त्याला असं काही सांगितलं की गाडी उशिरा पोचल्याचं दुःख होत नाही.

लंडनमध्ये आम्ही म्युझियमं गाळली आणि थेट रीजंट्स पार्क गाठलं. कारण एकच, रेडीमनी. मुंबईच्या सर कावसजी जहांगीर रेडीमनींनी इथे १८६९ मध्ये बांधून दिलेलं पिण्याच्या पाण्याचं कारंजं. मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह ज्यांच्या नावाने ओळखला जातो, तेच हे. सिसिलीचा संगमरवर, ॲबर्डीनचा ग्रॅनाइट, वर टोकदार छत्री, एका अंगाला खुद्द कावसजींचा चेहरा. ब्रिटिश राज्यात पारशी समाजाला मिळालेल्या संरक्षणाबद्दल कृतज्ञता म्हणून ही भेट, असं त्यावर कोरलेलं आहे. लंडनमध्ये फुकट पाण्याची सार्वजनिक कारंजी उभी राहायला १८५९ पासून सुरुवात झाली. कॉलऱ्याने शहराला चांगला धडा दिला होता, आणि स्वच्छ पाणी मिळालं तर गरीब माणूस बिअरच्या गुत्त्यात कमी जाईल असाही हिशोब होता.

म्हणजे जगातल्या सगळ्यांत श्रीमंत शहराला पाणपोई घालायला मुंबईहून पैसे आले. वहिनी म्हणाली, "पाणपोई घालणाऱ्याला पुण्य मिळतं, देश कुठला ते कोण बघतं!" दादा काही बोलला नाही. त्याच्या डोक्यात रविवार होता. काशीच्या महाराजांनी इथल्या स्टोक रो गावाला दिलेली जी विहीर आम्ही रविवारी बघायला जाणार होतो, तिच्यासाठी तर त्याने हा सगळा प्रवास कबूल केला होता.

शनिवार

रेडिंगहून चोल्सीपर्यंत गाडी, पुढे टॅक्सीने वॉलिंगफर्ड. थेम्सकाठचं हे गाव फार जुनं. सॅक्सन राजांनी डेन लोकांच्या धाडींविरुद्ध उभारलेले मातीचे तट अजून गावात दिसतात. त्यांच्या उतारावर मुलं घसरगुंडी खेळत होती. १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकल्यावर नॉर्मंडीचा विल्यम लंडनकडे जाताना थेम्स ओलांडून गेला तो इथूनच. किल्ला होता, तो क्रॉमवेलच्या काळात १६५२ मध्ये पाडला. आता अवशेष आणि बाग. पुलाखाली अख्खा गाव पाण्यात उतरलेला. गोरी पाठ उन्हात किती लवकर लाल होते, हे वहिनी डोळे मोठे करून बघत होती. याच वॉलिंगफर्डच्या विल्डर नावाच्या कारखान्यात आमच्या विहिरीचा रहाट ओतला गेला, एवढं दादाने आल्या आल्या सांगून टाकलं होतं. गावात यापेक्षा जास्त वेळ काढला नाही.

पूल ओलांडून क्रोमार्शवरून यूएल्म हे गाव साधारण पाच किलोमीटर. पायवाट शेतांतून जाते, दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं जव. जमीन भेगाळलेली, आणि त्या भेगांतून आत पांढरा खडू दिसतो. आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम लागावा तसा इथे वीतभर मातीखाली खडूचा दगड. सावली नावालाही नाही. मधूनच डोक्यावरून हेलिकॉप्टर जातं, कारण गावाला खेटूनच हवाई दलाचा बेन्सनचा तळ आहे. इंग्रजी खेड्यांच्या फोटोंत हा आवाज येत नाही.

मग उतार लागला, आणि एका वळणावर रस्त्याच्या कडेने पाणी वाहताना दिसलं. इतक्या उन्हात, पावसाचा टिपूस नसताना, स्वच्छ, वाहतं पाणी. तळाची वाळू, शेवाळ, बोटाएवढे मासे, सगळं काचेतून बघावं इतकं लख्ख. दादा तिथेच बसला आणि मनगटापर्यंत हात बुडवला. "दहा-अकरा अंश," तो म्हणाला. थर्मामीटर नव्हता, पण त्याचं चुकलं नसणार. खडूच्या डोंगरातून येणारं भूजल बारा महिने त्याच तापमानाचं असतं. हिवाळ्यात ते कोमट लागतं, आज दात शिवशिवले.

डोंगरावर पडणारा पाऊस खडूत मुरतो, वर्षानुवर्षं आत साठतो आणि पायथ्याशी, जिथे खाली चिकणमातीचा थर लागतो, तिथे झऱ्यांनी वर येतो. असे खडूचे ओढे जगात जेमतेम दोनशेच्या आसपास आहेत आणि त्यांतले बहुतेक इंग्लंडमध्ये. यूएल्म वसलं ते या झऱ्यांमुळे. ओढ्यात पायऱ्यापायऱ्यांचे वाफे आहेत. तिथे १८८६ पासून वॉटरक्रेस पिकवायचे, म्हणजे पाण्यात वाढणारी तिखटसर पालेभाजी. मोहरी-अळिवाच्याच कुळातली. जुड्या बांधून रेल्वेने शहरांच्या बाजारात जायच्या. धंदा १९८८ मध्ये बंद पडला; पुढे चिल्टर्न सोसायटी या संस्थेने वाफे विकत घेतले आणि स्वयंसेवक आता ते राखतात. वहिनीला एक डहाळी खुडून चव बघायची होती. मी तिला फलक दाखवला. "नुसतं बघायचं असेल तर लावता कशाला?" हा तिचा प्रश्न मला अजून बिनतोड वाटतो.

यूएल्ममध्ये बघायचं ते तीन इमारतींत आहे आणि तिन्ही एकमेकींना चिकटून उतारावर आहेत: वर देऊळ, म्हणजे चर्च, मधे आश्रम, खाली शाळा. तिघींमागे एक जोडपं. सफकचा अर्ल विल्यम द ला पोल आणि त्याची बायको ॲलिस. इंग्रजी कवितेचा आदिकवी जेफ्री चॉसर, त्याची ही नात. या दोघांनी १४३७ मध्ये तेरा गरीब वृद्धांसाठी आश्रमाची सनद मिळवली. राहायला जागा, खायला-प्यायला, थोडे पैसे. बदल्यात त्यांनी रोज देवळात जाऊन देणगीदारांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. मधे चौक, चारी बाजूंनी लाकडी खांबांचा पडवीवजा सोपा, मागे खोल्या. वाड्यात वाढलेल्या माणसाला इथे उपरं वाटत नाही. त्या खोल्यांत अजून माणसं राहतात. एका दाराशी टोमॅटोची कुंडी आणि चपला होत्या, म्हणून आम्ही आवाज खाली आणला. शाळाही चालू आहे, सरकारी प्राथमिक शाळा, त्याच पंधराव्या शतकातल्या विटांच्या इमारतीत. जुनी वास्तू जपायची तर तिच्यात पोरं कोंबावीत, असं माझं मत होत चाललं आहे. कुलूप लावलेल्या वास्तू लवकर मरतात.

विल्यमला त्या प्रार्थनांचा किती उपयोग झाला कोण जाणे. राजकारणात तो पडला, देशोधडीला लावला गेला आणि १४५० मध्ये इंग्लिश खाडीत जहाजावरच त्याचं मुंडकं उडवलं. ॲलिस मात्र पुढे पंचवीस वर्षं जगली आणि देवळात तिची समाधी आहे. बाहेरच्या भट्टीतून आत शिरलो तर अंगावर शहारा आला. फुटाफुटाच्या भिंती, चकमकीच्या दगडांच्या. वहिनी बाकावर बसली ती उठेना.

समाधी अलाबास्टरची. वर ॲलिस निवांत पहुडलेली, डोक्यावर मुकुट, हात जोडलेले, डाव्या हातावर गार्टर या राजसन्मानाचा पट्टा. बाईमाणसाने हा सन्मान अंगावर नेमका कुठे बांधायचा, हा प्रश्न व्हिक्टोरिया राणीच्या वेळी पडला तेव्हा याच पुतळ्याचा दाखला काढला होता म्हणतात. पण खरी गोष्ट खाली आहे. चौथऱ्याला दगडी जाळी आहे आणि त्या जाळीआड पुन्हा ॲलिसच, मेलेली. बरगड्या वर आलेल्या, तोंड उघडं, कातडं हाडांना चिकटलेलं, कफन अर्धवट सरकलेलं. वरची डचेस सगळ्यांना दिसते, खालचं प्रेत वाकणाऱ्यालाच. आणि त्या प्रेताच्या डोळ्यांसमोर, चौथऱ्याच्या आतल्या छतावर, रंगीत चित्रं काढलेली आहेत. ती बघायची तर फरशीवर आडवं व्हावं लागतं. मी झाले. सहाशे वर्षांची थंडगार फरशी पाठीला लागली, चित्रातला रंग अंधारात जेमतेम दिसला, आणि मी गरजेपेक्षा बरंच जास्त वेळ ते चित्र बघत राहिले. वहिनी वरून म्हणाली, "बघून झालं की मला पण बघायचंय. चित्र नाही बघितलं तरी चालेल."

रविवार

आज मुक्ताने गाडीने इप्सडेनला सोडलं आणि "दुपारी वरून उचलते" म्हणून गेली. इप्सडेन डोंगराच्या पायथ्याशी, स्टोक रो माथ्यावर. मधली चढण आम्ही पायी केली. सुरुवातीला उघडी शेतं, डोक्यावर लाल घारी शीळ घालत फिरणाऱ्या. एकोणिसाव्या शतकात शिकारीने आणि विषाने इथल्या घारी संपवल्या होत्या. १९८९ पासून स्पेनहून पिल्लं आणून या चिल्टर्न डोंगरांच्या जंगलात सोडली, आता इतक्या झाल्या आहेत की लोक बागेत जेवताना ताट सांभाळतात. मग बीच वृक्षांचं रान लागलं आणि जीव भांड्यात पडला. बीचची सावली दाट, खाली गवतसुद्धा उगवत नाही, नुसता वाळक्या पानांचा गालिचा. खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर एके काळी या रानांतच झोपड्या घालून काम करायचे.

चढताना दादा दर थोड्या वेळाने थांबून म्हणायचा, "पाणी दिसलं का कुठे?" नव्हतं. काल पायथ्याशी वाहतं पाणी, आज वर एक ओहोळ नाही, झरा नाही, नदी तर नाहीच. पाऊस तोच. फक्त तो पडल्या पडल्या खडूतून खाली जातो. वर चिकणमातीचा पातळ थर आहे, त्यात खड्डे करून लोक पावसाचं पाणी साठवायचे. ते आटलं की मैलोन् मैल पायपीट. मला इगतपुरी-त्र्यंबकचा पट्टा आठवला. पावसाळ्यात तिथे छत्री टिकत नाही आणि एप्रिलमध्ये बायका टँकरची वाट बघत बसतात. इंग्लंडच्या हिरव्या चित्रात असं गाव असेल हे मला इथे येईपर्यंत खरं वाटलं नव्हतं.

इप्सडेनच्या रीड घराण्यातला एडवर्ड अँडर्डन रीड ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात होता. आझमगडला असताना, १८३१ मध्ये, त्याने तिथल्या लोकांसाठी विहीर खणवून दिली होती. काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याची चांगली ओळख. गप्पांत कधीतरी त्याने आपल्या गावाकडची गोष्ट सांगितली: घरातलं उरलंसुरलं पाणी पोरगं पिऊन बसलं म्हणून आई त्याला बडवत होती. सत्तावनच्या बंडात महाराज इंग्रजांच्या बाजूने राहिले. रीड आग्र्याला होता, प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्व्हिन वारल्यावर काही दिवस प्रांताचा कारभार त्याच्याकडेच आला. पुढे रीड निवृत्त होऊन घरी परतला आणि महाराजांना इंग्लंडमध्ये काही धर्मादाय करायची इच्छा झाली, तेव्हा ते पोरगं त्यांच्या लक्षात होतं.

१० मार्च १८६३ ला, इंग्लंडच्या युवराजाच्या लग्नाच्या दिवशी, खणायला सुरुवात झाली. २४ मे १८६४ ला, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, विहीर खुली झाली. व्यास चार फूट. खोली ३६८ फूट. लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल उलटं करून आत सोडलं तरी तळाला लागणार नाही. सगळं हाताने खणलेलं.

गावात शिरलो की रस्त्याच्या कडेलाच ती दिसते. विटांची घरं, कुंपणाची झुडपं, आणि मधेच आठ खांबांवर उभा घुमट, वर कळस. तिचं इथे असणं डोळ्यांना पटायला क्षणभर लागतो. घुमटाखाली ओतीव लोखंडाचा रहाट, दातेरी चाकं, आणि या सगळ्यावर आरामात उभा एक सोनेरी हत्ती. काशीच्या महाराजांनी ही विहीर दिली, अशा अर्थाची अक्षरं वर गोल फिरतात. शेजारी रखवालदारासाठी बांधलेलं छोटंसं घर, तेही अष्टकोनी.

दादाने प्रदक्षिणा घातली. मग दुसरी. मग जाळीतून वाकून आत बघितलं आणि म्हणाला, "चार फूट व्यास म्हणजे ही विहीर नाही, आड आहे. पण काय आड आहे!" त्याचं खरं लक्ष खणणाऱ्याकडे होतं. चार फुटांच्या भोकात एक माणूस, कुदळ चालवायला हात मागे घेता येत नाही, उजेड मेणबत्तीचा, वर निळं आभाळ नाण्याएवढं. माती पोहऱ्याने वर. तो पोहरा निसटला तर पळायला जागा नाही. "आपल्याकडे बसॉल्टमध्ये सुरुंग लावतो, खडूत कुदळ चालते हे खरं. पण तीनशे फुटांवर हवा कुठून येते रे बाबा?" हा प्रश्न त्याने कुणाला विचारला ते कळलं नाही, कारण समोर हत्तीशिवाय कुणी नव्हतं.

पोहरा भरून वर यायला दहा मिनिटं लागायची. म्हणजे तासाला सहा. वहिनीने लगेच विचारलं, "आणि रहाट कोण फिरवायचं? बायकाच ना?" दादाकडे उत्तर नव्हतं, पण ती उत्तरासाठी थांबलीच नाही. "तरी बरं. मैलभर कमरेवर आणण्यापेक्षा दहा मिनिटं हात दुखलेले परवडले."

पाणी सगळ्यांना फुकट. मग देखभालीला पैसे कुठून? याची सोय मला सगळ्यांत आवडली. विहिरीशेजारी जवळपास चार एकर जागा घेऊन चेरीची बाग लावली, तिचं नाव ईश्री बाग. चेरी विकायच्या आणि त्या पैशांत रखवालदार, दोर, वंगण चालवायचं. आपल्याकडे देवस्थानाला इनाम जमीन लावून देत, तीच रीत, फक्त देवाच्या जागी विहीर. बागेत माशाच्या आकाराचं तळं आहे, महाराजांच्या राजचिन्हात मासा होता म्हणून. उन्हाने ते खालावलं होतं, तरी शेपटी ओळखू येत होती.

पण तिथल्या बाकावर बसल्यावर मला एक गोष्ट टोचत राहिली. १८६०-६१ मध्ये गंगा-यमुनेच्या दोआबात, म्हणजे रीडने ज्या प्रांतात हयात घालवली त्याच प्रांतात, मोठा दुष्काळ पडला होता. माणसं लाखांनी मेली. त्यानंतर दोनच वर्षांनी काशीहून पैसा निघाला तो ऑक्सफर्डशरच्या डोंगरावर. शुक्रवारच्या कारंज्यावर तर कृतज्ञता कोरलेलीच होती. महाराजांनी आपल्या मुलखात काही दिलं नाही असं मी म्हणत नाही. दात्याचा हेतू चांगला असेल, पोराचं तोंड त्यांना खरंच आठवलं असेल. पण राज्यकर्त्याच्या दारात दानाचा कळस उभारला की तो लांबून दिसतो, हेही त्यांना कळत असणारच. मी हे बोलून दाखवलं तर दादा म्हणाला, "अगं, पाणी लागलं ना? सत्तर वर्षं लोक प्यायले. मग कुणी का दिलेलं असेना." पाटबंधारे खात्याचा माणूस, त्याच्यापुढे राजकारण फार टिकत नाही.

विसाव्या शतकात नळ आले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रहाट थांबला. १९६४ मध्ये शंभरी साजरी झाली तेव्हा एलिझाबेथ राणीचे पती प्रिन्स फिलिप आले होते आणि गंगेचं पाणी आणून या पाण्यात मिसळलं होतं. हे ऐकून वहिनीने जाळीतून खाली बघत हात जोडले. पलीकडे कुत्र्याला घेऊन बसलेल्या आजोबांनी आमच्याकडे बघून टोपी काढली आणि म्हणाले, "टू हॉट." तीन दिवसांत जो भेटला तो हेच म्हणत होता. वहिनीने तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं, "व्हेरी." दोघांनाही बरं वाटलं.

मुक्ताला यायला अवकाश होता. गावातल्या चेरी ट्री नावाच्या पबात जाऊन बसलो. इंग्लंडमध्ये पबात नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यायलाच लागतं, तसा नियम आहे; वहिनीने मोठा जग मागवला, बर्फ घालून. काउंटरवरच्या मुलीने आणून दिला. दादाने एक घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि तिला विचारलं, हे पाणी कुठून येतं?

"नळातून," ती म्हणाली.

"जड पाणी आहे," दादा आम्हाला म्हणाला. "खडूतलंच. मुक्ताच्या किटलीत पांढरा थर बसतो तो हाच. खालून तेच पाणी आता पंपाने वर येतं, एवढाच फरक."

वहिनीने दुसरा जग मागवला.